नालासोपाऱ्याला उतरा, सम्राट अशोकाचा माग काढा

लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नसेल, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटत असेल, तर हा घ्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे छाटलेत. बाकी सगळं जसं बोलले तसंच.

आजचा विषय आहे मौर्य साम्राज्य. आणि आज आपण पाटण्याला जाणार नाही, सारनाथलाही नाही. आपण जाणार आहोत विरार लोकलने. पश्चिम रेल्वेवर वसई रोड आणि विरार यांच्यामध्ये एक स्टेशन आहे, ज्याचं नाव काढलं की लोकांना फक्त गर्दी आठवते. होय, नालासोपारा. नाळा आणि सोपारा या दोन गावांवरून हे नाव पडलं. त्यातला 'सोपारा' म्हणजे प्राचीन 'शूर्पारक'. महाभारतात हे नाव येतं, बौद्ध कथांमध्ये येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं एक पुस्तक लिहिलं गेलं, समुद्रावरून व्यापार करणाऱ्यांसाठीची मार्गदर्शिकाच म्हणा ना. त्यात भडोचच्या दक्षिणेकडची बंदरं सांगताना सोपारा, कल्याण आणि चौल अशी नावं एकापाठोपाठ येतात.

म्हणजे आज जिथे आपण डब्यात पाय ठेवायला जागा शोधतो, तिथे एके काळी परदेशी जहाजं धक्क्याला जागा शोधत होती!

मी हा सगळा माग पायी काढला. स्टेशन ते स्टेशन लोकल, आणि मधलं सगळं चालत. कारण गंमत अशी आहे की सोपाऱ्यातल्या या साम्राज्याच्या खुणा आता एका जागी नाहीत. टेकाड एकीकडे, शिलालेख दुसरीकडे, टेकाडाच्या पोटातल्या वस्तू तिसरीकडे. तिन्ही ठिकाणं जोडायची तर आपले पायच वापरावे लागतात. चला, एकेक थांबा घेऊ.

पहिला थांबा: बुरुड राजाचा कोट

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरायचं. रिक्षा मिळते, पण जमलं तर चालत जा, अर्धा-पाऊण तास धरा. सुरुवातीला दुकानं, क्लासचे बोर्ड, इमारतींच्या रांगा. मग हळूहळू वाडीची घरं आणि झाडं दिसायला लागतात, हवा बदलते. आणि मग येतो सोपाऱ्याचा स्तूप.

सांचीसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. इथे तोरणं नाहीत, गुळगुळीत घुमटही नाही. आहे ते विटांचं एक गोलसर टेकाड. पहिल्यांदा बघणारा म्हणेल, 'एवढंच?' थांबा. या 'एवढंच'च्या आत काय होतं ते ऐका.

गावकरी या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणायचे. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारा. स्तूप कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. पण इथे कुणीतरी मोठं माणूस होऊन गेलं, एवढं मात्र लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं होतं.

१८८२ साली इथे पंडित भगवानलाल इंद्रजी आले. हा माणूस आपल्याला शाळेत शिकवत नाहीत, पण शिकवायला हवा. ते जुनागढचे. जुनागढला गिरनारच्या वाटेवर अशोकाचा प्रसिद्ध शिलालेख आहे. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली होती, आणि भगवानलाल तरुणपणीच ती वाचायला शिकले. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासोबत त्यांनी वर्षानुवर्षं देशभर फिरून शिलालेखांच्या नकला घेतल्या.

तर एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालनी हे टेकाड खणलं. मधोमध, विटांच्या बांधकामात, एक मोठी गोल दगडी पेटी निघाली. ती उघडल्यावर आत बुद्धांच्या आठ लहान धातूच्या मूर्ती गोलाकार मांडलेल्या होत्या. सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणार असं मानलेला बुद्ध. त्यांच्या मध्ये एक करंडक. करंडक म्हणजे डबी. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची, आणि सगळ्यात आत सोन्याची. सोबत सोन्याची नाजूक फुलं. आणि त्या सोन्याच्या डबीत काय असावं? मातीच्या भांड्याच्या खापऱ्या! बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी त्या इतक्या जिवापाड जपल्या होत्या.

आता इथे जरा डिटेक्टिव्ह होऊ या. त्या पेटीत चांदीचं एक नाणंही होतं, सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचं. म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. अशोक त्याच्या चारशे वर्षं आधीचा. आणि त्या आठ मूर्ती? त्या घडणीवरून साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे हा स्तूप एकदा बांधून सोडून दिलेला नव्हता. त्याच्या पोटात शतकांनंतर पुन्हा नव्याने वस्तू ठेवल्या गेल्या. राजघराणी आली-गेली, तरी ही जागा लोकांनी कित्येक शतकं सांभाळली.

म्हणून इंटरनेटवर कुठे 'अशोकाने बांधलेला स्तूप' असं ठामपणे लिहिलेलं दिसलं, तर थोडं सावध राहा. सातवाहन काळाचा पुरावा त्या नाण्यात आहे. अशोकाचा सोपाऱ्यातला पक्का पुरावा वेगळा आहे. त्यासाठी जरा पुढे चालू या.

दुसरा थांबा: तळं आणि एक फुटका दगड

सोपाऱ्यात तळी बरीच आहेत. चक्रेश्वर मंदिराजवळचं तळं बघा, तिथली ब्रह्मदेवाची मूर्ती आवर्जून बघा. ती अशोकाच्या खूप नंतरची, पण सुंदर आहे. आपल्याला मात्र हवंय भातेला तलावाचं नाव. त्याच १८८२ साली, याच तलावाजवळ, भगवानलालना एक फुटका काळा दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं होती. त्यांनी वाचलं आणि ओळखलं: हा अशोकाचा आठवा शिलालेख!

एका तुकड्यावरून त्यांनी ओळखलं कसं? इथेच साम्राज्य म्हणजे काय ते कळतं.

अशोकाने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात एकूण चौदा मोठे लेख तयार केले आणि तेच मजकूर देशभर खडकांवर कोरवले. आजच्या भाषेत ब्रॉडकास्ट मेसेज! गुजरातेत गिरनार, उत्तराखंडात कालसी, आंध्रात येर्रागुडी, आणि आता पाकिस्तानात असलेलं शाहबाजगढी. शाहबाजगढीला लिपी वेगळी, खरोष्ठी, कारण तिथल्या लोकांना ती वाचता येत होती. मजकूर मात्र तोच. त्यामुळे सोपाऱ्याला चार ओळी मिळाल्या तरी पुढे-मागे काय होतं ते गिरनारवरून भरून काढता येतं. आणि गिरनारचा लेख तर भगवानलाल यांच्या घरच्या अंगणातला!

आता या आठव्या लेखात काय आहे ते ऐका, कारण मला तरी हा योगायोग फार आवडतो. हा लेख चक्क फिरण्याबद्दल आहे.

राजा सांगतो, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे. म्हणजे मौजेच्या सहली, शिकार, करमणूक. पण राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर मी संबोधीला गेलो. संबोधी म्हणजे बोधगया. आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं? श्रमण आणि ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं. म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, त्यांना पैशाची मदत करायची. आणि गावोगावच्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचं. शेवटी तो म्हणतो, यातलाच आनंद मोठा.

जरा मागचा संदर्भ लावा. या राजाने दोनच वर्षं आधी कलिंगचं युद्ध केलं होतं. त्याच्याच तेराव्या लेखात आकडे आहेत: एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली. त्यानंतर हा माणूस म्हणतोय, मी आता शिकारीला जात नाही, लोकांना भेटायला जातो. त्यात राजकारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक प्रांतात आपला आवाज पोचावा, ही राजाची गरज होतीच. पण 'फिरणं कशासाठी' हा प्रश्न एका सम्राटाने दगडावर कोरून ठेवला, आणि त्याची एक प्रत आपल्या लोकलच्या लाइनवर होती!

आणि शब्द बघा. 'यात्रा' हाच शब्द पुढे मराठीत 'जत्रा' झाला. गावच्या जत्रेला जाताना आपणही नातेवाईकांना, म्हाताऱ्या माणसांना भेटूनच येतो की.

एक फाटा: भुईगाव, १९५६

पुढची गोष्ट चौऱ्याहत्तर वर्षांनंतरची. १९५६ साली वसईजवळच्या भुईगावात आणखी एक तुकडा मिळाला. तो ओळखला ना. आ. गोरे यांनी. ते तेव्हा एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते. हा निघाला नववा शिलालेख.

नववा लेख तुम्हाला हसवेल. राजा म्हणतो, आजारपणात, मुलांच्या लग्नात, बाळ झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकार्यं करतात. त्यातही बायका तर फारच! आणि त्यांचं फळ थोडं. (बायकांवर खापर फोडण्याची सवय किती जुनी आहे बघा.) मग तो सांगतो, खरं मंगल कुठलं? दास आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान ठेवणं, प्राण्यांना न मारणं, श्रमण-ब्राह्मणांना दान देणं.

घरी काम करायला येणाऱ्या मावशींशी आपण कसं बोलतो, हा प्रश्न बावीसशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर दगडात कोरलेला होता. मला तरी वाचताना जरा अवघडल्यासारखं झालं.

आता गणित करा. लेख चौदा. इथे सापडलेले तुकडे दोन, आठव्याचा आणि नवव्याचा. सोपाऱ्यालाही सगळे लेख कोरले असावेत असा अंदाज आहे. मग बाकीचे दगड कुठे गेले? एखाद्या विहिरीच्या कठड्यात? जुन्या घराच्या जोत्यात? कपडे धुवायच्या दगडाची पालथी बाजू? की एखाद्या इमारतीच्या पायाखाली? सोपारा, गास, भुईगाव भागात फिरताना हा विचार डोक्यातून जात नाही. इथे जेसीबी रोज चालतो, आणि प्रत्येक खड्ड्यात काय निघतंय ते बघायला भगवानलाल नाहीत.

तिसरा थांबा: खाडी ओलांडून कान्हेरी

परत लोकलमध्ये. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये गाडी पुलावर येते तेव्हा मोबाइलमधून डोकं वर काढा. ही वसईची खाडी. याच पाण्याने आत गेलं की ठाणे, पुढे कल्याण. सोपारा आणि कल्याण ही दोन बंदरं का भरभराटीला आली, ते या पुलावरून एका नजरेत कळतं. आणि सोपारा का मागे पडलं, तेही. जहाजं जिथे आत येत होती त्या वाटा गाळाने भरत गेल्या. बंदर उथळ झालं की व्यापारी दुसरीकडे जातात, त्यांना इतिहासाशी देणंघेणं नसतं.

बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंत जायचं. चालायची तयारी असेल तर चाला, नाहीतर उद्यानाची बस असते. सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवा.

कान्हेरी हा अशोकाच्या नंतरचा थर. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहात यज्ञ सातकर्णीच्या काळातला लेख आहे. आठवला का हा राजा? सोपाऱ्याच्या पेटीतल्या नाण्यावरचा! एकाच लाइनवरच्या दोन स्टेशनांशी एकाच राजाची ओळख पटते.

पण मला इथे राजापेक्षा दुसरी माणसं जास्त आवडली. कान्हेरीच्या लेखांमध्ये सोपारा, कल्याण, नाशिक, चौल अशा गावच्या दात्यांची नावं आहेत. एका लेखात कल्याणच्या सोनाराने पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. टाक्यासाठी शब्द आहे 'पोढि'. पश्चिम भारतातल्या लेण्यांत हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. पावसाळ्यानंतर गेलात तर खडकात खोदलेल्या पन्हळी आणि टाकी बघा. डोंगरावरचं पाणी वळवून, साठवून ठेवायची ती व्यवस्था अजून डोळ्यांना दिसते. अशोकाने आपली आज्ञा वरून खाली पाठवली. चारशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावर सोनार, व्यापारी, भिक्षुणी स्वतःचं नाव स्वतःच्या दानाखाली कोरून घेत होत्या. माझ्या लेखी साम्राज्याची खरी खूण हीच: लिहिण्याची रीत राजवाड्यातून निघाली आणि बाजारापर्यंत पोचली.

चौथा थांबा: फोर्ट

शेवटचा टप्पा चर्चगेटपासून. ओव्हल मैदान ओलांडून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सोपाऱ्याचे अशोकाचे दोन्ही शिलालेख इथे आहेत.

जायच्या आधी ब्राह्मीची पाच अक्षरं शिकून घ्या, मी आत्ता सांगते. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह. 'ग' म्हणजे घराचं उतरतं छप्पर. 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ. 'ध' म्हणजे धनुष्य, एक सरळ रेघ आणि तिला जोडलेली कमान. आणि 'म' म्हणजे खाली गोल, वर दोन शिंगं. आता दगडासमोर उभं राहून धनुष्य, त्याच्याजवळ अनुस्वाराचा एक ठिपका, आणि पुढे शिंगांचा गोल शोधा. सापडलं की तुम्ही 'धंम' वाचलंत! फोटो काढण्याआधी पाच मिनिटं एवढं करा. दगड वाचता येतो हे कळलं की त्याच्याकडे बघायची नजरच बदलते.

तिथून काळा घोडा, हुतात्मा चौक करत हॉर्निमन सर्कलला चालत या. समोर त्या उंच पायऱ्या आणि जाड खांब, टाऊन हॉल. इथल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात स्तूपातली ती दगडी पेटी आणि आतल्या वस्तू आहेत. प्रत्यक्ष बघायला मिळतील का आणि कधी, हे आधी चौकशी करून जा. बघायला नाही मिळाल्या तरी पायऱ्यांवर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. सकाळी पाहिलेल्या विटांच्या त्या टेकाडाचा गाभा आपल्या पाठीमागच्या इमारतीत आहे, एवढं माहीत असलं तरी तिथे बसणं वेगळं वाटतं.

हे सगळं एका दिवसात करू नका. कान्हेरीला एक दिवस, नालासोपारा आणि फोर्टला दुसरा.

आणि तुम्हाला काही सापडलं तर?

हा भाग नीट वाचा, खासकरून वसई-विरार पट्ट्यात राहणाऱ्यांनी.

सोपाऱ्याचा स्तूप भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी असते, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधायचं तर परवानगी लागते. पण आठवा लेख स्तूपात नव्हता, तळ्याकाठी होता. नववा तर दुसऱ्याच गावात. म्हणजे पुढचा तुकडा कुठल्याही रेषेच्या बाहेर असू शकतो.

तेव्हा घराचं जोतं खणताना, विहीर उपसताना, जुन्या बांधातला दगड काढताना ओळीत कोरलेल्या खुणा दिसल्या, तर घासूपुसू नका. त्यावर खडू, हळद, तेल काही लावू नका. जागेवरून हलवू नका, कारण दगड कुठे आणि कसा पडला होता हीदेखील माहिती असते. मोबाइलवर फोटो काढा. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि लोकेशन सेव्ह करा. मग पुरातत्त्व खात्याला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं हे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे.

भगवानलालकडे पायपीट, कागद आणि शाई होती. तुमच्या खिशात कॅमेरा आहे, नकाशा आहे, आणि आता पाच अक्षरंही आहेत. चौदा लेखांपैकी दोघांचाच पत्ता लागलाय.

तर पुढच्या वेळी कुणी 'नालासोपारा? अरे बापरे!' म्हणालं, तर त्याला विचारा, 'तुझ्या स्टेशनाजवळ अशोकाचा लेख सापडलाय का?'

तुमच्या गावात, तुमच्या एरियात असं एखादं टेकाड असेल ज्याला लोक 'अमक्या राजाचा कोट' म्हणतात, तर त्याचा फोटो आणि लोक सांगतात ती गोष्ट मला पाठवा. एका भागात फक्त तीच टेकाडं घेऊ. तोपर्यंत चालत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!